पंचेचाळिसावं मिनिट

जोगळेकरकाका कुठल्याही यंत्रावर आधी तळहात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. पंखा, रेडिओ, शेजाऱ्यांचा फ्रिज, काहीही. सरकारी कारखान्यातले इंजिनिअर म्हणून बदलीवर कोलकात्यात आले आणि निवृत्तीनंतर सॉल्ट लेकमध्येच राहिले. "पुण्यात जाऊन काय करू? तिथे सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं," म्हणायचे.

त्यांच्याकडे एक जुनी व्हिडिओ कॅसेट होती. बराकपूरजवळची एक ताग गिरणी बंद पडली, तेव्हा काकांनी गेटवर कॅमेरा लावला होता. चाळीस बायका एकेक करून समोर आल्या आणि नाव, खातं, नोकरीची वर्षं सांगून गेल्या. शेवटची शेफालीदी, आज सत्तरीला टेकलेली. आता थकबाकीच्या दाव्यात मालक म्हणत होते, या बायका आमच्याकडे कामाला नव्हत्याच. हजेरीपुस्तकं सोयीस्करपणे हरवली होती. उरली ती कॅसेट, आणि तिला बुरशी लागलेली. एकदा चालेल, दुसऱ्यांदा भरवसा नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. त्या एका फेरीतच ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची होती.

गिरणीच्या बायकांचा दावा मी सांभाळत होते, त्यामुळे मला घाई. सुनावणी तोंडावर आलेली, डोक्यात पत्रकाचा मथळाही तयार. डिस्क घ्यायला काकांना घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने सगळ्यात मोठी डिस्क पुढे केली, मी पाकीट काढलं. काकांनी हात धरला.

"पत्रक नंतर लिही. आधी हिला लिहू दे."

स्वतःचा लॅपटॉप जोडून त्यांनी परीक्षा म्हणून डिस्कवर दुसराच एक व्हिडिओ सलग उतरवायला लावला आणि स्टुलावर बसले, तळहात डिस्कवर.

"दादू, डिस्क घेताय की जावई?" दुकानदार काकांना आजोबा करून हसला.

"जावई नापास झाला तर मुलगी घरी आणता येते. ही टेप परत येणार नाही."

दहा मिनिटांनी मी म्हणाले, "काका, छान चाललीय की."

"दहा मिनिटं कोणीही पळतं. मोर्च्यात बघितलं नाहीस? पंचेचाळिसाव्या मिनिटाला कोण उरतं ते बघू."

बाविसाव्या मिनिटाला डिस्क तापली, वेग कोसळला आणि चित्र तुटायला लागलं. "एवढ्यात एक अख्खी बाई गेली असती," काका शांतपणे म्हणाले. दुसरी डिस्कही तशीच. दुकानदाराचं हसणं थांबलं. त्याने चहा मागवला. तिसरी टिकली.

"पण हिच्यात जागा निम्मीच आहे, दादू."

"आमच्या बायका चाळीसच आहेत."

घरी त्या डिस्कवर उतरवताना कॅसेट सत्तेचाळीस मिनिटं चालली. मागे गुंडाळताना तिची फीत तुटली. काकांनी ती खिशात ठेवली आणि डिस्क माझ्या हातात दिली.

सुनावणीच्या आठ दिवस आधी काका हृदयविकाराने गेले.

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "पाच मिनिटं दाखवा. कल्पना येईल."

मी उभीच राहिले. "पाच मिनिटांत चार बायका येतात, साहेब. उरलेल्या छत्तीस कुणी वगळायच्या, तेवढं लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिलं नाही. पडद्यावर चित्र सुरू झालं.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला काळ्याभोर वेणीची एक बाई कॅमेऱ्यासमोर आली. "शेफाली दास. कताई खातं. अकरा वर्षं." माझ्या शेजारून शेफालीदी उठली आणि तिच्याबरोबरच, शब्दाला शब्द जुळवून, तेच म्हणाली.

मालकाच्या वकिलाने घड्याळ पाहिलं. मी पाहिलं नाही. माझा तळहात डिस्कवर होता.