उरलेल्या स्तनाची तपासणी

कर्करोगामुळे सिनिवाचा डावा स्तन काढावा लागला. उपचार संपले, तेव्हा सामोआतील तिच्या गावाने चर्चमध्ये आभाराची प्रार्थना केली, डुकरे भाजली आणि ती बरी झाल्याचे पाद्रीबाबांनी जाहीर केले. त्यामुळे वर्षभराने करायच्या तपासणीसाठी ती राजधानीला निघाली, तेव्हा थोरल्या बहिणीच्या, लुपेच्या, तोंडचे पाणी पळाले.

“अगं, लोक म्हणतील, हिचा देवावर विश्वास नाही! निदान मागच्या वाटेनं जा. कोणी विचारलंच, तर बाजाराला चाललेय म्हण.”

“ताई, डुकरं खाल्ली गावानं आणि लपायचं मी?”

सिनिवाने रविवारचा पांढराशुभ्र पोशाख चढवला आणि ती मुद्दाम पाद्रीबाबांच्या दारावरूनच राजधानीला जाणाऱ्या बोटीकडे निघाली. ओसरीवरून पाद्रीणबाईंनी विचारले, “कुठं गं, एवढी नटून?”

“उरलेल्या स्तनाची तपासणी करायला!” ती रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “रोग परतला असेल, तर लहान असतानाच पकडायचाय त्याला.”

“पण आपण तर आभार मानले होते ना?”

“मानले की! म्हणूनच देवानं वाचवलेला जीव मी तुमच्या भिडेपायी घालवणार नाही. दर वर्षी जाणार, आणि याच वाटेनं जाणार!”