उलट्या चपला

आमच्या चिखले गावच्या अंगणवाडीतल्या बाई मुलांना शिकवायच्या कमी आणि त्यांच्यासमोर चुकायच्याच जास्त. चिकूच्या बिया मोजताना तीनवरून थेट पाचावर उडी मारायच्या. शिंपल्याला पान म्हणायच्या. मुलांनी ओरडून चूक दाखवली, की कपाळावर हात मारायच्या, “अगं बाई, डोकं घरीच राहिलं वाटतं!” मला आधी रागच यायचा. पोरं शिकणार काय, चुका?

माझी धाकटी घराबाहेर तोंड उघडत नसे. बाईंनी तिला ‘बोल’ असं कधी म्हटलं नाही. एकदा अंगणवाडी सुटताना त्यांनी मुद्दाम चपला उलट्या घातल्या. बाकीची पोरं ओरडली, तरी ऐकूच न आल्यासारख्या चालत सुटल्या, पार चिकूवाडीच्या कुंपणापर्यंत. मी धाकटीचा हात धरून मागून चालले होते. शेवटी तिलाच राहवलं नाही. “बाई, चपला!” ती किंचाळली. ती हाक अजून माझ्या कानात आहे. बाई वळल्या. “अगं बाई, डोकं घरीच...” म्हणत त्यांनी धाकटीला उचलून कडेवर घेतलं.

पुढे धाकटी मोठ्या शाळेत गेली, बाई निवृत्त झाल्या. परवा वाणगावच्या बाजारात भेटल्या, तर पायांत चपला उलट्या. धाकटी हसत ओरडली, “बाई, चपला!”

बाई खाली बघत राहिल्या, बराच वेळ. डोकं घरी राहिल्याचं काही म्हणाल्या नाहीत.

मग धाकटी हसायची थांबली. खाली बसली आणि त्यांचा एकेक पाय उचलून तिने चपला बदलल्या.