शेवटच्या ओळीचे डायरेक्टर

आमगावच्या लग्नसराईत ज्यांना सगळे ‘डायरेक्टर’ म्हणत, त्या गृहस्थांनी आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्या ओळीपासून वाचली नाही. ते लग्नांचे चित्रण करीत. संगणकावरच्या ज्या साधनाने ते चित्रफिती कापत-जोडत, त्याला बटणे नव्हती. काळ्या खिडकीत आज्ञा टंकायची आणि आलेले उत्तर वाचायचे. डायरेक्टर ही खिडकी इतकी आखडून ठेवीत की तिच्यात एकच ओळ मावावी. उरलेल्या पडद्यावर नवऱ्यामुलींचे फोटो असत.

मी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फिती त्यांच्याकडे नेई. मास्तरकीच्या सवयीने एकदा समजावले : पिवळी ओळ म्हणजे इशारा, काम पुढे चालते, तांबडी म्हणजे चूक, आणि कारण पहिल्या तांबड्या ओळीत असते, शेवटची फक्त निकाल सांगते. नापास का झालो, हे निकालावरून कळत नाही. उत्तरपत्रिका पाहावी लागते. लेन्स पुसत ते म्हणाले, “सर, बायको न् मशीन, बडबड करूनच राहतात. कायले आयकाचं?” आतून वहिनींनी चहा आणला. तो बिनसाखरेचा होता.

शेवटची ओळ बहुधा एकच असे : फाइलीतील माहिती अवैध आहे. तिचा अर्थ ते “फाइल मेली, नसीब” असा सांगत आणि त्याच आत्मविश्वासाने कॅमेऱ्यातले कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरीत. गिऱ्हाईक रडे, हे पाठीवर हात ठेवीत. इतके मायाळू अज्ञान मी दुसरीकडे पाहिले नाही.

मग त्यांच्याच मुलीचे लग्न झाले. चित्रण दुसऱ्याच्या हाती देणे त्यांना कमीपणाचे वाटले. पाठवणीच्या वेळी मुलगी गळ्यात पडली, कॅमेरा निसटला, बॅटरी निखळली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. खिडकी तशीच, एका ओळीची.

“सर, तुमच्या वहिनीले काय सांगू? नसीब म्हणू?”

मी खिडकी ताणून मोठी केली. पहिल्या तांबड्या ओळीत स्पष्ट लिहिले होते : फाइलीची अनुक्रमणिका सापडत नाही. ही अनुक्रमणिका चित्रण नीट बंद केल्यावरच लिहिली जाते. चित्रे मात्र कार्डावर शाबूत असू शकतात. त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुना म्हणून दिली, तर अनुक्रमणिका नव्याने बांधता येते. आम्ही बांधली. मुलगी पडद्यावर चालू लागली.

दारातून वहिनी म्हणाल्या, “उघडलं वाट्टे नसीब.”

डायरेक्टर हसले नाहीत. “सर, कोहमाऱ्याच्या त्या ढाबेवाल्याचं लगन. त्याची माय मंडपात होती, मंग महिन्याभरात गेली. त्याच्या फाइलीतबी हेच लिहून होतं का?”

“असावे,” मी म्हणालो. खोटा धीर देणे मला जमत नाही.

ते कार्ड केव्हाच पुसले गेले होते. तरी त्यांनी मोटारसायकल काढली. द्यायला हातात काही नसताना कशाला जाता, असे मी विचारले.

“तो नसिबाले शिव्या देऊन राहिला, सर. त्या माह्या आहेत. घेऊन येतो.”