आमच्या वाडीचं हातांचं बोलणं

एसटी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. तीही बहिरी, मीही बहिरी. गाडी हलली तरी ती हातांनी सांगतच राहिली, ‘तिकडं गप बसू नकोस.’ मी आठ वर्षांची होते, कोल्हापूरच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत राहायला निघाले होते.

नेसरीकडच्या आमच्या वाडीत तीन घरांत बहिरी माणसं, म्हणून सगळी वाडीच हातांनी बोलायची. हनुवटीखाली चिमूट ओढली की शेळी. कोपरावर टिचकी मारली की नेसरीचा बाजार. का, ते कुणालाच ठाऊक नाही. तिथं मला कुणाला काही दोनदा सांगावं लागलं नाही.

शाळेत बाईंनी हात मांडीखाली दाबून बसवलं. ‘तोंडानं बोल.’ मोठ्या मुलींनी चोरून शहरी खुणा शिकवल्या. माझ्या खुणांना त्या हसायच्या. मग मीही माझ्या खुणा सोडल्या, हे कबूल करते. पुढं शिरोली एमआयडीसीत पॅकिंगचं काम, उचगावच्या बहिऱ्या मुलाशी लग्न. वाडीला जाणं सणापुरतं उरलं. तिथली नवी पोरं हातांचं बोलणं शिकलीच नव्हती, आईकडं बघून नुसती मान हलवायची. वडील गेले आणि तिच्याशी बोलणारं घरात कुणी राहिलं नाही.

मग तिचं पोट दुखायला लागलं. मी तिला कोल्हापुरात दवाखान्यात आणलं. डॉक्टरांना समजावं म्हणून शहरी खुणा जाणणाऱ्या एक बाई आल्या. आईचे हात बघून त्या मला खुणेनं म्हणाल्या, ‘ह्यांना भाषाच न्हाई की. नुस्ते हातवारे हायत.’

माझं डोकंच फिरलं. ‘भाषा हाय. तुम्हाला येत न्हाई,’ असं सांगून मी दोघींच्या मधे खुर्ची ओढली. आई मला वाडीच्या भाषेत सांगायची, मी बाईंना शहरी खुणांत, बाई डॉक्टरांना तोंडानं. कळ कुठून निघते, जेवल्यावर किती वेळानं, पाठीत नेमकी कुठं भिडते, सगळं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन झालं, आई बरी झाली आणि माझ्याकडंच राहिली.

वाडीतल्या माणसांनो, ही भाषा येणारे आपण आता मोजकेच उरलोय. पोरांना शिकवा. जमत नसेल तर सुट्टीत माझ्याकडं पाठवा, मी शिकवते.

माझ्या लेकीला ऐकू येतं. शेजारीण तिला विचारते, ‘तुला बोलता येतंय की, मग हात कशाला हलवतीस?’

‘आज्जीशी भांडायला,’ ती सांगते.

आणि दोघी अंगणात वाडीच्या खुणांनी खरोखरच कडाडून भांडतात. माझं घर आता तिथं आहे.