प्रेसवरचा बोर्ड बोलेना

ताईचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. आई गेली तेव्हा धाकट्या भावाला शर्टाची बटणंसुद्धा नीट लावता येत नव्हती. त्याला तिनं वाढवला, आणि वाढवला म्हणजे अक्षरशः बदडून वाढवला. अभ्यास केला नाही, मार. खोटं बोलला, मार. तापात उठून खेळायला पळाला, मार, आणि मग रात्रभर उशाशी बसणं. माया करायची तिला दुसरी रीत येत नव्हती आणि ही रीत वाईट आहे हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. नवऱ्याची तर नाहीच नाही. एका गिऱ्हाइकानं वायरी उलट्या जोडून बोर्ड जाळला, तर तिनं त्याच्या पाठीत वीज मोजायचा मीटर घातला होता. तरी ते गिऱ्हाईक मुकाट परत आलं, कारण मशीनचे कंट्रोल बोर्ड तिच्याइतके पक्के कोणी बनवत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी, नवराबायको मिळून बोर्ड बनवत त्या दुकानाची काच फोडून दगड आत आला. धाकट्याच्या कारखान्यातल्या सोबत्यांपैकीच कुणीतरी मारला असावा. मागोमाग कारखान्याचा मुकादम आला. त्यानं टेबलावर एक पोतं आपटलं.

"घ्या. तुमच्या बोर्डानं तुमच्याच भावाचा हात खाल्ला."

धाकटा पत्रा कापायच्या प्रेसवर काम करायचा. प्रेसचं जाळीचं दार उघडं असेल तर वरचा ठोकळा खाली येता कामा नये, एवढ्यासाठीच तर हा बोर्ड होता. आदल्या दिवशी दार उघडं होतं आणि ठोकळा आला. मनगटाच्या पुढं काही उरलं नाही. रात्रभर ताई दवाखान्यात त्याच्या उशाशी होती, पण तो शुद्धीवर आला नव्हता.

ताईनं मुकादमाची कॉलर धरली, त्याला दारापर्यंत ढकलत नेलं आणि फुटक्या काचांवर पाडलं. तो शिव्या देत, रक्ताळलेले तळवे झटकत निघून गेला. मग तिनं पोत्यातून बोर्ड काढला. त्याच्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. ते तिनं स्पिरिट आणि ब्रश घेऊन साफ केलं. ब्रशला काय काय चिकटलं ते पाहायचं तिनं टाळलं.

तिला एकच गोष्ट हवी होती. ठोकळा आपल्या चुकीनं पडला का? ते चिपमधल्या प्रोग्रॅमवरून कळणार होतं, आणि चिपच्या आत डोकवायचं तर डीबगर लावायला हवा. डीबगर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. एका बाजूला काँप्युटर, दुसऱ्या बाजूला बोर्ड आणि मध्ये हा दुभाषी. तिनं तो जोडला. पडद्यावर आलं, टार्गेट, म्हणजे समोरची चिप, सापडत नाही.

तिनं केबल बदलली. सापडत नाही. बोर्डाला वीज मिळतेय का ते मीटर लावून पाहिलं, मिळत होती. ग्राउंडची वायर जोडलेली होती. वायरी आलटापालट झाल्या नव्हत्या. वेग कमी केला, तरी तेच. डीबगरच गेला असेल म्हणून कपाटातला कोरा बोर्ड लावून पाहिला, तर त्याला त्यानं पटकन ओळखलं. ताईनं टेबलावर मूठ अशी आपटली की तापलेली सोल्डरिंगची सळई उडून तिच्या मनगटावर पडली. कातडी चरचरली. तिनं हात झटकलासुद्धा नाही.

"बोल की रे मेल्या," ती बोर्डाला म्हणाली.

नवरा कोपऱ्यात काचा गोळा करत होता. "राहू दे ना," तो म्हणाला. "चिप जळली असेल."

पण बोर्डावरचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता, म्हणजे प्रोग्रॅम चालू होता. चिप जिवंत, वायरी धड, आणि तरी आतून कडी. अशी कडी कोण घालतं ते ताईला पक्कं ठाऊक होतं. डीबगर चिपच्या ज्या दोन पायांतून, म्हणजे पिनांतून, आत शिरतो, ते पाय ती कधीच बंद करत नसे. नवरा मात्र घरातून निघताना दिसेल ते बटण बंद करणारा. एकदा तर भरलेला फ्रीज बंद करून तो सगळ्यांना आठवडाभर बाहेरगावी घेऊन गेला होता. प्रोग्रॅम लिहितानाही वापरात नसलेले सगळे पाय तो सुरुवातीलाच बंद करून टाकायचा, आणि त्यात हे दोन पायही जायचे. त्यावरून दोघांचं कितीदा वाजलं होतं. पण हा बोर्ड त्याचा नव्हता. याचा प्रोग्रॅम ताईनं स्वतः लिहिला होता.

तिनं रीसेटचं बटण दाबून धरलं. चिप जागी होऊन कडी घालायच्या आत तिला गाठायला हवं होतं. पडद्यावरच्या कनेक्टवर टिचकी मारली आणि बटणावरचं बोट उचललं. सापडली.

आतलं सगळं उतरवून घेऊन तिनं ते आपल्या प्रोग्रॅमशी ताडून पाहिलं. दार लागलंय का हे तपासणारा भाग तिथं नव्हताच. कुणीतरी तो काढून टाकला होता.

ताई उठली. नवऱ्याचा उजवा हात धरून तिनं त्याला टेबलाच्या टोकाशी ओढत आणलं, पंजा वस्तू आवळून धरायच्या लोखंडी व्हाइसच्या जबड्यात घातला आणि दांडी फिरवली. तो किंचाळला.

"कुणी सांगितलं तुला?"

तो डाव्या हातानं दांडी धरायला गेला. तिनं आणखी एक फेरा दिला. बोटाचं हाड कडकन वाजलं.

"त्यानंच," नवरा कळवळत म्हणाला. "धाकट्यानं. दर पत्र्याला दार उघडा, दार लावा, खांदा भरून येतो म्हणाला. बाकीच्यांच्या मागं पडतो, मुकादम सगळ्यांसमोर थोबाडीत मारतो म्हणाला. हात आत घालणार नाही म्हणून शपथ घेतली गं त्यानं."

"आणि मला का नाही विचारलं?"

"मी म्हटलं त्याला, ताईला सांगू. नको म्हणाला. ताईला कळलं तर ती मारेल म्हणाला."

तिनं दांडी उलटी फिरवली. जबडा सुटला. टेबल पुसायच्या फडक्यात नवऱ्याचा पंजा गुंडाळला. दोघं धाकट्याला ठेवलं होतं त्याच दवाखान्यात गेली.

नवऱ्याला हाडाच्या डॉक्टरांकडे सोडून ती धाकट्याच्या खाटेपाशी गेली. तो जागा होता. ओठ सुकले होते. ओरडायचं नाही असं ती वाटेतच ठरवून आली होती. माझं चुकलं, मी तुला जन्मभर नुसती मारत आले, एवढंच तिला सांगायचं होतं. त्याच्या कपाळावर घामानं चिकटलेले केस मागं सारायला म्हणून तिनं हात उचलला.

धाकट्यानं डोळे गच्च मिटले आणि पट्ट्यांत गुंडाळलेला, पंजा नसलेला हात तोंडापुढे आडवा धरला.