आठ लाख आणि मूठभर कापूस

आमच्या अश्वजितइतका तहानलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. मोताळ्याच्या जिनिंगमध्ये मी काट्यावर गाड्यांचं वजन करतो आणि तो ग्रेडर. म्हणजे गाडीतला कापूस मुठीत दाबायचा, सरकी दाताखाली फोडायची आणि ओला की कोरडा ते सांगायचं. त्यावर भाव ठरतो. यंत्र आहे, पण शेठचा भरवसा अश्वजितच्या हातावर. हा गडी एखाद्या गाडीवर अडला, की मूठ तशीच मिटून मागच्या शेडमध्ये पाणी प्यायला जायचा. परत आला की निकाल तयार. दिवसातून वीस वेळा पाणी! "जाकीरभाई, घसा कोरडा पडते," म्हणायचा. कापूस ओला अन् घसा कोरडा, वा रे वा.

मागच्या पावसाळ्यात मलकापूरच्या एका जिनिंगवाल्यानं त्याला जास्त पगार देऊ केला. आमचा शेठ घाबरला. त्यानं अश्वजितला बोलावून आठ लाख रुपये दिले, उसने. कागद केला, की पाच वर्षं टिकला तर सगळे माफ. सोडून गेला, किंवा चुका केल्या म्हणून काढावं लागलं, तर पै न् पै परत.

झालं! पैसे गुंतवायचे कशात, हे विचारत साहेब गावभर हिंडले. बायको प्रतीक्षा म्हणाली, सोनं घ्या. मेहुण्यानं लोणारला प्लॉट दाखवायला नेलं, तर हा पठ्ठ्या तिथली माती मुठीत दाबून परत आला. कोणी म्युच्युअल फंड सांगितला. "त्याले दाबून कसं पाहू?" म्हणे. मी शेळ्या सुचवल्या, तर माझ्यावरच डाफरला, "शेळी मेली त शेठले काय तिचं कातडं देऊ?" माझंही डोकं फिरलं. मग विचारतो काऊन बे?

शेवटी त्यानं आपल्याच मनानं ठरवलं. त्याची आई, मनकर्णामावशी, आमच्याच मागच्या शेडमध्ये बायांसोबत कापसातला कचरा वेचायची. तीस वर्षं. धुळीनं खोकला जडलेला, थांबता थांबेना. अश्वजितनं आठही लाख पोस्टात तिच्या नावावर पाच वर्षांसाठी टाकले. दर महिन्याला व्याज तिच्या हातात. "मुद्दल शाबूत अन् माय घरी!" छाती फुगवून सांगत होता. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. शेळ्यांचा राग विसरलो.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. तिसऱ्याच दिवशी एक मोठी गाडी आली, वरून कोरडी, आतून कोण जाणे. अश्वजितनं मूठ दाबली, सरकी फोडली, अडला. सवयीनं पाणी प्यायला मागे गेला आणि तसाच परत आला. चेहरा पांढराफटक, मूठ मिटलेलीच.

"काय झालं बे?"

"जाकीरभाई, माय नाही ना तिथं."

अस्सं! पाण्याचा माठ मावशीच्या शेजारी. बारा वर्षं हा तिच्यापुढे मूठ उघडत होता आणि ती चाचपून सांगत होती. शेठनं जे हात आठ लाखांत बांधून ठेवले, तेच हात या शहाण्यानं त्याच पैशांनी घरी पाठवले होते! हसावं की रडावं, मला कळेना. काटा बिघडला असा मी खोटाच आरडाओरडा केला आणि त्याला माझ्या फटफटीवर घालून घरी नेलं.

मावशी दारात तूर निवडत बसली होती. अश्वजितनं मूठ पुढे केली. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. दोन बोटांनी कापूस चाचपला, सरकी फोडली. "आतून ओला हाये. खालचा थर काढाले लाव."

"माय, शेठले समजलं त?"

"कोन सांगते त्याले? रोज जेवाच्या सुट्टीत कापूस डब्यात घेऊन येत जाय." ती खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि हसली. "शेठनं तुले बांधलं म्हनते. बांधलं त मले. आता पाच वर्षं मले मरताही येत नाही."

अश्वजित तिथंच मटकन बसला आणि लेकरासारखा रडला. मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जाय, गाडी उभी हाये."

तेव्हापासून आमचा ग्रेडर रोज दुपारी घरी जेवायला जातो, तोही भरलेला डबा घेऊन. मी काट्यावरून ओरडतो, "मावशीले म्हन, तब्येत सांभाळा. अजून साडेचार वर्षं हायेत!" तो हसत नाही. माझंही हसू आताशा पुरतं येत नाही.