मुळा की कोबी

आई गेल्यावर आप्पा गावी एकटेच राहिले आणि सहा महिन्यांत दोनदा पडले. मग मी त्यांना शहरात, एव्हरशाईन वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. पण लेकीच्या घरी फार राहू नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. दर रविवारी गावच्या गाडीची वेळ विचारायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा.

शेतकऱ्याच्या हाताला माती लागली की तो रमेल, असं मला वाटलं. म्हणून जानेवारीत जवळच्याच चांदीप गावात ओळखीच्या एका बाईंच्या वाडीत चार वाफे मागून घेतले. आता लावायचं काय, जे उन्हाळ्यात हाती येईल?

बियाण्याच्या दुकानात मी पाकिटं उचलत होते, परत ठेवत होते. फ्लॉवर? उन्हात नुसता पाला माजायचा. नवलकोल? जरा उशीर झाला की लाकूड. कोबी? तीन महिने, शिवाय गड्डा धरेल याची खात्री नाही. आणि पीक फसलं की आप्पांना निघायला निमित्तच! शेवटी मुळा घेतला. दीड महिन्यात हमखास. तरी दाराबाहेर जाऊन दोनदा परत आले.

"मॅडम, मुळाच आहे ना? स्थळ नाही बघत आपण," दुकानदार वैतागला.

चांदीपला आप्पांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"मुळा का गं?"

"लवकर येतो."

"मला घालवायची एवढी घाई?"

माझं डोकंच फिरलं. "घाई मला? दर रविवारी गाडी कोण विचारतं?"

ते खाली वाकले. वाफ्यातली ढेकळं फोडत राहिले. वाडीवाल्या बाई म्हणाल्या, "उन्हात मुळाच बरा. कोबीला रोज पानी कोन घालनार?"

"मी हाय की," आप्पा म्हणाले. "कोबीच आन. गड्डा धरंल, न्हाई धरंल. पर तीन महिनं जागचं हलता येत न्हाई त्याला सोडून."

मग त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "जावईबापूंना चालंल का, तेवढं इचारून घे."

बियाणं, वाफे, पाणी, सगळ्यासाठी मी वणवण केली होती. पण "आप्पा, राहा" असं आमच्या घरात त्यांना एकदाही कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.